शनीचा खडा, सप्टेंबरचा खडा

वाचकहो, सराफाच्या पेढीवर बसून कधी खडे पाहिले आहेत का तुम्ही? सराफ दुमडलेल्या पांढऱ्या कागदाच्या पुड्या उलगडतो आणि एकेक खडा समोर मांडतो. माणिक निघाले की बायकामंडळी पुढे सरकतात. पाचू निघाला की तो हातात घेऊन उजेडाकडे धरतात. पण नीलम निघाला की सगळे जरा थबकतात. एखादी आजीबाई तर पुढे केलेला हात मागे घेते. “तो नको गं बाई. शनीचा खडा तो. पावला तर राज्य देईल, नाहीतर घरादाराला भिकेला लावील!” सराफालाही हे नवे नसते. तो म्हणतो, “आठ दिवस उशाखाली ठेवून बघा. वाईट स्वप्न पडलं, तर खुशाल परत आणा.”

आता हीच गोष्ट सातासमुद्रापलीकडे कशी होते ते बघा. अमेरिकेत किंवा इंग्लंडात एखादी मुलगी सप्टेंबर महिन्यात जन्मली, तर तिच्या वाढदिवसाला आईबाप हौसेने नीलमाची अंगठी करतात. तिकडे बारा महिन्यांना बारा खडे वाटून दिलेले आहेत आणि सप्टेंबरच्या वाट्याला नीलम आला आहे. त्याला ते जन्मखडा म्हणतात. निष्ठेचा, शहाणपणाचा, शांत मनाचा खडा अशी त्याची तिकडे ख्याती. त्याला उशाखाली ठेवून त्याची परीक्षा बघायची, हे तिकडच्या आईबापांच्या मनातही येत नाही.

खडा तोच, रंग तोच. एका देशात त्याला पाहून हात मागे येतो, दुसऱ्या देशात हात पुढे होतो. मग गुण खड्यात आहे, की तो पाहणाऱ्याच्या मनात? हा प्रश्न मनाशी धरून आज आपण नीलमाचा इतिहास थोडा चाळून पाहू.

आधी या खड्याचे कूळ पाहू. पूर्वी गावोगाव शिकलगार हिंडत आणि तलवारी-कट्यारींना धार लावून देत. त्यांचे चाक कशाचे असे? कुरुंद नावाच्या दगडाची पूड करायची, ती लाखेत कालवायची आणि तिचे चाक ओतायचे. हा कुरुंद दिसायला मळकट, खडबडीत. पण कठीण असा, की पोलादालाही झिजवील. संस्कृतात त्याला कुरुविंद म्हणतात, तमिळमध्ये कुरुंदम्. इंग्रजीतला कोरंडम हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला आहे. आणि नीलम म्हणजे काय, तर या कुरुंदाचाच स्वच्छ, पारदर्शक स्फटिक. एकाच घरातला एक भाऊ रानात राबावा आणि दुसऱ्याने दरबारात मिरवावे, तसा हा प्रकार आहे.

शिक्षकमंडळींनी वर्गात सांगावी अशी गोष्ट तर पुढेच आहे. आपल्या घरातले ‘जर्मनचे’ पातेले ज्या धातूचे असते तो ॲल्युमिनियम, आणि आपण श्वासाबरोबर घेतो तो प्राणवायू, या दोहोंच्या संयोगाने कुरुंद बनतो. तो अगदी शुद्ध असेल तर त्याला रंगच नसतो, पाण्यासारखा दिसतो. जमिनीच्या पोटात तो घडत असताना त्यात लोखंड आणि टायटॅनियम यांचे अगदी थोडे अंश मिसळले, तर तो निळा होतो. त्याला आपण नीलम म्हणतो. क्रोमियमचा अंश मिसळला तर तो लाल होतो. ते माणिक. लोखंडाच्या अंशाने पिवळा झाला, तर सराफ त्याला पुष्कराज म्हणून विकतो. हे अंश तरी किती? शेकडा एक भागाहूनही पुष्कळ कमी. भाजीत मीठ घालतो तेवढेसुद्धा नाहीत!

आता हे आपल्या नवग्रहांशी ताडून पाहा. माणिक रवीचे, पुष्कराज गुरूचा, नीलम शनीचा. गुरू तर सर्वांत शुभ मानलेला, शनीचे नाव घेतले की पोटात गोळा. पुराणात शनी हा सूर्याचा मुलगा आणि बापलेकांचे वैर. म्हणून ज्योतिषी माणिक आणि नीलम एका हातात घालू देत नाहीत. आणि खनिजशास्त्र सांगते, की हे तिघेही सख्खे भाऊ आहेत! कठीणपणा एकच, वजनाचे प्रमाण एकच, घडण एकच. फरक काय तो चिमूटभर रंगाचा.

मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी एक ते दहा अशी पायरी लावून दिली. दहाव्या पायरीवर हिरा, नवव्या पायरीवर कुरुंद. म्हणजे हिरा सोडला तर नीलमावर चरा पाडणारे खनिज सहसा सापडत नाही. तुमच्या घरात वडिलांचे जुने एचएमटीचे मनगटी घड्याळ असेल, तर त्याच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे इंग्रजीत लिहिलेले सापडेल. ज्वेल म्हणजे रत्न. घड्याळातली चाके जिथे फिरतात तिथे झीज होऊ नये म्हणून असे बारीक खडे बसवतात. ते खडे कारखान्यात तयार केलेल्या कुरुंदाचेच असतात. तेव्हा वडिलांनी जन्मभर मनगटावर रत्ने मिरवली आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, असे म्हणायला हरकत नाही.

असो. आता इतिहासाकडे वळू.

आपल्या पूर्वजांना हा खडा फार जुन्या काळापासून माहीत होता. ते त्याला इंद्रनील म्हणत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने आपल्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात रत्नांची जी यादी दिली आहे, तिच्यात हिऱ्याच्या पाठोपाठ दुसरे नाव इंद्रनीलाचे आहे. वराहमिहिर स्वतः मोठा ज्योतिषी. पण गंमत पाहा, नऊ ग्रहांना नऊ खडे वाटून देणारी आजची यादी त्याच्या त्या प्रकरणात नाही. ती जोडणी नंतरच्या ग्रंथांत पक्की होत गेली.

गरुडपुराणात रत्नांच्या जन्माची एक सुंदर कथा आहे. बल नावाचा एक असुर होता. तो देवांना आवरेना. तेव्हा देवांनी त्याच्याकडे मागणे मागितले, की आमच्या यज्ञात तू पशू हो. असुर खरा, पण शब्दाचा पक्का. त्याने होय म्हटले आणि दिलेला शब्द पाळून प्राण दिला. त्या पुण्याईने त्याचे शरीर रत्नांचे झाले. हाडांचे हिरे झाले, दातांचे मोती, रक्ताचे माणिक, आणि त्याचे डोळे सिंहल देशात म्हणजे आजच्या श्रीलंकेत पडले, त्यांचे इंद्रनील झाले. कथा ही कथाच. पण नीलम लंकेत सापडतो, ही पक्की माहिती तिच्या पोटात आहे.

त्याच पुराणात आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. त्या वाचून मी थक्क झालो. पहिली अशी, की माणकाच्या परीक्षेला ज्या कसोट्या लावायच्या, त्याच इंद्रनीलाला लावाव्यात. खनिजशास्त्र जन्मालाही आले नव्हते, तेव्हा केवळ हाताने आणि डोळ्याने पारख करणाऱ्या जुन्या रत्नपारख्यांनी ओळखले होते, की ही लाल आणि निळी भावंडे आहेत. दुसरी गोष्ट अशी, की इंद्रनील माणकापेक्षाही जास्त आच सोसतो. तरी परीक्षेसाठी किंवा त्याचे गुण वाढवण्यासाठी त्याला विस्तवात घालू नये. हे दुसरे वाक्य ध्यानात ठेवा. त्याचे काम आपल्याला शेवटी पडणार आहे.

आता थोडे त्या सिंहल देशात जाऊ. श्रीलंकेत रत्नपुर नावाचे गाव आहे, नावातच रत्ने. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने या बेटाच्या माणकांची आणि नीलमांची वाखाणणी लिहून ठेवली. तिथे नीलम डोंगर फोडून काढत नाहीत. हजारो वर्षांच्या पावसाने डोंगर झिजले, खडे वाहून आले आणि नद्यांच्या जुन्या पात्रांत, भातखाचरांच्या खाली वाळू-गोट्यांच्या थरात जाऊन बसले. त्या थराला तिकडे ‘इल्लम’ म्हणतात. आपल्याकडे विहीर खणतात तसा उभा खड्डा खणायचा, लाकडांनी बाजू सावरायच्या, साचलेले पाणी उपसत राहायचे आणि इल्लम लागला की तो वर आणायचा. मग तो वेताच्या पसरट टोपलीत घेऊन पाण्यात गरगर फिरवायचा. आपल्या बाया सुपात धान्य पाखडतात, तसाच तो हिसडा. हलकी माती वाहून जाते, जड खडे तळाशी राहतात. त्या ओल्या टोपलीत एखादा निळा ठिपका चमकला तर चमकला, नाहीतर दिवस फुकट.

तिथली वाटणीही आपल्या शेतकऱ्याला ओळखीची वाटेल. जमीन एकाची, पंप दुसऱ्याचा, खर्च तिसऱ्याचा आणि अंगमेहनत पाच-दहा जणांची. खडा विकला की ठरल्या वाट्याने पैसा वाटून घेतात. आपल्याकडची बटाईच ही! पावसाच्या भरवशावर शेतकरी जसा बी पेरतो, तसा तो खाणवाला इल्लमच्या भरवशावर कुदळ मारतो. तेव्हा हा खडा मुळात कुठल्या ग्रहावरून पडत नाही. चिखलात कंबरेइतके उभे राहून कुणीतरी तो वेचलेला असतो.

न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात ५६३ कॅरटांचा एक प्रचंड नीलम आहे. त्याच्या पृष्ठावर प्रकाशाची चांदणी उमटते. त्याला ‘स्टार ऑफ इंडिया’ म्हणजे भारताचा तारा म्हणतात. पण तोही लंकेचाच. १९६४ मध्ये चोरांनी रात्री खिडकीतून शिरून तो पळवला आणि १९६५ मध्ये तो परत मिळाला.

मग या खड्याला शनी चिकटला कसा? याचे उत्तर रंगात आहे. आपल्या लोकांनी ग्रहांना रंग दिले आणि त्या रंगाचे खडे त्यांच्या पदरात घातले. रवी तांबडा, त्याला माणिक. चंद्र पांढरा, त्याला मोती. मंगळ लाल, त्याला पोवळे. बुध हिरवा, त्याला पाचू. शनी काळा-निळा, त्याला नीलम. आता शनी म्हणजे शनैश्चर, सावकाश चालणारा. आणि हे अगदी खरे आहे. सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत तेवढी वर्षे वाटली, तर एका राशीत तो अडीच वर्षे दिसतो. आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी धरल्या, की झाली साडेसाती. हिशोब आकाशाचा आहे आणि तो बिनचूक आहे. त्यात पीडा मात्र माणसाने घातली. साडेसात वर्षांत कुणाच्या घरी आजारपण येत नाही? कुणाचे पीक एकदा तरी बुडत नाही? ते आले, की शनीच्या नावावर मांडले जाते.

उशाखाली खडा ठेवण्याचेही तसेच. भीती घेऊन निजलेल्या माणसाला वाईट स्वप्न पडायला नीलम कशाला हवा? नुसता गारगोटीचा खडा ठेवला आणि ‘हा शनीचा’ म्हणून सांगितले, तरी ते काम होईल.

आता पश्चिमेकडच्या मंडळींना हसण्याचे कारण नाही, आणि आपण त्यांना फार शहाणे समजण्याचेही कारण नाही. त्यांच्या जन्मखड्याची हकीकत तर याहून मजेची आहे.

बायबलाच्या जुन्या करारात यहुदी लोकांच्या मुख्य पुरोहिताच्या उरपट्ट्याचे वर्णन आहे. त्यात बारा टोळ्यांची बारा रत्ने बसवलेली होती. त्यांत एका रत्नाचे जे नाव आहे, त्यावरूनच आजचा सॅफायर हा शब्द आला. पण तो खडा नीलम नव्हेच! पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी त्या नावाच्या खड्याचे वर्णन करताना सांगतो, की त्यात सोन्याचे ठिपके असतात. नीलमात असे ठिपके नसतात. ते असतात लाजवर्दात. म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदक्शानच्या खाणीतला तो गडद निळा, अपारदर्शक दगड. जुन्या लोकांनी नाव एकाला दिले आणि पुढे ते दुसऱ्याला जाऊन चिकटले.

पहिल्या शतकातच जोसिफस नावाच्या यहुदी इतिहासकाराने त्या बारा रत्नांची सांगड वर्षाच्या बारा महिन्यांशी घातली. पुढे ज्या महिन्यात जन्म त्या महिन्याचे रत्न अंगावर घालावे, अशी चाल युरोपात हळूहळू रुळली. पण कोणत्या महिन्याला कोणते रत्न, याबद्दल एकमत कधीच नव्हते. जुन्या याद्या पाहिल्या, तर सप्टेंबरच्या नावावर बहुधा क्रिसोलाइट नावाचा पिवळसर-हिरवा खडा दिसतो आणि नीलमाचे नाव एप्रिलकडे येते. १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनी या प्रसिद्ध जवाहिऱ्यांनी महिन्यांच्या खड्यांवरची एक कविता छापली. तिच्यात सप्टेंबरला नीलम आहे. आणि शेवटी १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची कॅन्सस सिटीत सभा भरली, तिथे सर्वांनी मिळून एक यादी मंजूर केली. सप्टेंबर म्हणजे नीलम, हे त्या दिवशी कायम झाले.

म्हणजे काय झाले बघा. आपल्याकडे खडे वाटले ते पंचांग मांडणाऱ्यांनी. तिकडे वाटले ते दुकान मांडणाऱ्यांनी. आणि दुकानदाराची यादी काही दगडावरची रेघ नसते. १९५२ मध्ये तिच्यात काही खड्यांची भर पडली. टांझानाइट नावाचा निळा-जांभळा खडा आफ्रिकेत टांझानियात सापडला १९६७ मध्ये, आणि २००२ मध्ये त्याला डिसेंबरचा जन्मखडा करून टाकले. २०१६ मध्ये ऑगस्टला आणखी एक खडा मिळाला. मग १९६७ च्या आधी डिसेंबरात जन्मलेल्या लेकरांचे नशीब कुणाच्या हवाली होते, असा प्रश्न एखाद्या चौकस पोराने विचारला, तर त्याला रागावू नका. प्रश्न बरोबर आहे.

पण सगळे श्रेय दुकानदाराला देणे हाही अन्याय होईल. निळ्या रंगाची माणसाला ओढ आहेच. आभाळ निळे, समुद्र निळा. मध्ययुगात युरोपातल्या बिशपांच्या अंगठीत नीलम असे, कारण तो स्वर्गाचा रंग मानत. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी प्रिन्स अल्बर्टने तिला नीलमाचे पदक दिले, ते तिने लग्नात वस्त्रावर लावले. १९८१ मध्ये डायानाच्या वाङ्‌निश्चयाच्या अंगठीत लंकेचा नीलम होता, आणि २०१० मध्ये तीच अंगठी तिच्या थोरल्या मुलाने आपल्या वाग्दत्त वधूला दिली. आईची आठवण सुनेच्या बोटात गेली. आपल्याकडेही सासूची पाटली सुनेच्या हातात जाते. ही माया मात्र कुठल्याही यादीत लिहिलेली नाही आणि कुठल्याही देशात निराळी नाही.

आता आपल्या देशाची गोष्ट. जगातला सर्वांत नामांकित नीलम कुठला? तो आपल्या काश्मीरचा. आणि आपल्याला त्याचा पत्ता लागला तो १८८१ च्या सुमारास! किश्तवाडच्या पलीकडे पाडर म्हणून दुर्गम मुलूख आहे. तिथे सुमजाम गावाच्या वर, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर एक दरड कोसळली आणि आतले निळे स्फटिक उघडे पडले. सुरुवातीला तिथल्या भोळ्या लोकांना त्यांची किंमत कळली नाही. मिठाच्या बदल्यात खडे दिले, असे सांगतात. हळूहळू ते खडे व्यापाऱ्यांच्या हाती गेले आणि बोभाटा झाला. काश्मीरचे महाराज रणबीरसिंग यांनी तिथे पहारा बसवला. तिथे काम करायचे तरी किती दिवस? बर्फ वितळल्यावरचे दोन-तीन महिने. पाच-सहा वर्षांत चांगला माल संपत आला. १८८७ मध्ये भूगर्भ खात्याच्या ला टूश या अधिकाऱ्याने पाहणी केली, तेव्हा मूळ जागा जवळजवळ रिकामी झाली होती. पुढे अनेकदा खणून पाहिले, पण ते पहिले वैभव परत आले नाही.

त्या खड्याचा रंग मोराच्या मानेसारखा, मखमली. त्यात डोळ्याला न दिसणारे अतिसूक्ष्म कण असतात, त्यांच्यावरून प्रकाश पसरतो, म्हणून ती मखमल दिसते. म्हणजे शास्त्राच्या भाषेत तो किंचित अशुद्ध आहे आणि त्यामुळेच तो मोलाचा आहे. आजही परदेशात लिलावात काश्मिरी नीलमाला इतर नीलमांपेक्षा कितीतरी जास्त भाव येतो. ज्या खड्याला घाबरून आपण हात मागे घेतो, त्याचे सर्वांत सुंदर रूप आपल्याच भूमीत जन्मले, ही केवढी नवलाची गोष्ट!

आता भट्टीकडे येऊ. १९०२ मध्ये व्हेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक करण्याची रीत प्रसिद्ध केली. ॲल्युमिनियमच्या भस्माची बारीक पूड अतिशय तप्त ज्योतीतून खाली पाडायची. ती वितळते आणि खाली थेंबाथेंबाने साठून तिचा स्फटिक होतो. पुढे १९१० च्या सुमारास त्याच रीतीने निळा खडाही साधला. जे घडायला निसर्गाला लक्षावधी वर्षे लागतात, ते काही तासांत होऊ लागले. लक्षात घ्या, ही काच नव्हे. कठीणपणा तोच, घटक तेच. म्हणून नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही. भिंगाखाली मात्र जाणकाराला त्यात वाकड्या रेषा आणि हवेचे बुडबुडे दिसू शकतात. किंमत मात्र खाणीतल्या खड्याच्या मानाने नगण्य.

आणि १९७० नंतरच्या दशकात आणखी एक उलथापालथ झाली. लंकेत दुधट रंगाचे कुरुंदाचे खडे निघत, त्यांना गेउडा म्हणत. कुणी विचारत नसे. थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते स्वस्तात घेतले आणि दीड हजार अंशांवर तापवले. तो दुधटपणा गेला आणि झकास निळा रंग उमटला! आज बाजारातले पुष्कळसे नीलम असे तापवलेले असतात. आता ते पुराणातले वाक्य आठवा: गुण वाढवण्यासाठी त्याला विस्तवात घालू नये. ज्याअर्थी घालू नये असे बजावले, त्याअर्थी तेव्हाही कुणीतरी घालीत असणार! तापवणे यात आज फसवणूक नाही. तापवल्याचे न सांगता न तापवलेल्याचे पैसे घेणे, ही फसवणूक.

हे सगळे तुम्हाला सांगण्याचे कारण एक घडलेली गोष्ट आहे. मी एका खेड्यात शिक्षक होतो. तिथे एक सज्जन शेतकरी माझ्या परिचयाचे होते. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, घरात आजारपण शिरले. कुणीतरी सांगितले, साडेसाती आहे, नीलम घाला. त्यांनी दावणीचा एक बैल विकला आणि अंगठी केली. बैल एकटा राहिला, तेव्हा पेरणीला दुसरा बैल भाड्याने आणावा लागला. काही वर्षांनी मुलीच्या लग्नासाठी ती अंगठी मोडायला काढली, तेव्हा जाणकाराने भिंग लावून सांगितले, की खडा कारखान्यातला आहे. सोन्याचे तेवढे पैसे आले.

मला वाटले, ते संतापतील. पण ते हसून म्हणाले, “गुरुजी, खडा घातला त्या साली पाऊस मात्र चांगला झाला होता.” मी म्हटले, “दादा, पाऊस तर खडा न घातलेल्यांच्या शेतातही झाला.” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “खरं आहे. बैल असता, तर त्या पावसाचं सोनं केलं असतं.”

वाचकहो, त्या एका वाक्यात सगळे आले. श्रद्धेची टवाळी करणारा मी माणूस नव्हे. ज्याला नीलम आवडतो त्याने तो जरूर घालावा. लंकेच्या चिखलातल्या मजुराचे कष्ट, सुमजामचे बर्फ, बल असुराचा पाळलेला शब्द, एवढा इतिहास त्या बोटभर निळ्या ठिपक्यात आहे. घ्यायचाच झाला तर खाणीतला की कारखान्यातला, तापवलेला की न तापवलेला, हे पावतीवर लिहून मागावे आणि मोठी रक्कम असेल तर खात्रीच्या प्रयोगशाळेचा दाखला पाहावा. पण कर्ज काढून, बैल विकून, मुलाची फी थांबवून तो घेऊ नये. आणि घरात आहे म्हणून त्याला भिऊही नये. ज्या खड्याला अमेरिकेत सप्टेंबरच्या मुली हसतमुखाने बोटात घालतात, तो कोल्हापुरात किंवा नांदेडात येऊन कुणाचे वाईट करायला बसलेला नाही.

शिक्षकांना एकच विनंती. पुढच्या वेळी धार लावणारा शाळेवरून जाईल, तेव्हा पोरांना बाहेर आणून त्याचे चाक दाखवा. सांगा, की पूर्वी हे चाक ज्या कुरुंदाचे करीत, त्याचाच उजळ भाऊ म्हणजे नीलम. एक भाऊ विळ्याला धार लावतो, दुसरा बोटात मिरवतो. कुणाचा मान मोठा, ते पोरांनाच ठरवू द्या.